बठ्ठं बरोबर शे

हनीफ अन्सारीचा पेपरात आलेला फोटो पितांबर बडगुजरने पहिल्यांदा पाहिला तो उलटा. स्टाफरूमच्या लांब टेबलावर पलीकडून रसायनशास्त्राच्या भिरूड सरांनी पेपर पसरला होता आणि अलीकडे पितांबर तासाआधीचा चहा बशीत ओतत होता. आतल्या पानावर, कपाशीच्या भावांच्या शेजारी, दोन बोटं रुंद चेहरा. उलट्या चेहऱ्याचे डोळे कळत नाहीत, नाक कळत नाही. पण डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ते कान त्याने तात्काळ ओळखले. भिरूड सरांनी मथळा मोठ्याने वाचला, ‘धुळ्याच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाची झेप.’ मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, “अहो बडगुजर, तुम्ही फिजिक्सवाले. ह्यांना ओळखता का?” पितांबरने बशी तोंडाला लावली आणि म्हणाला, “थोडंफार.” एवढंच. शब्द तोंडातून गेला आणि चहा गरम आहे हे त्याला नंतर कळलं. नेमका त्याच वेळी शिपाई भिकन कपबशा उचलायला आला. त्याने फोटोवर मान तिरकी केली आणि तो आनंदाने म्हणाला, “सर, हे तर तुमाले भेटाले आल्ते ना? गेल्या उन्हाळ्यात? दिवसभर प्रयोगशाळेत बसेल व्हते तुम्ही दोघं. मी डबलडबल चहा आनला त्यायच्यासाठी.”  भिरूड सरांनी पान उलटलं, पण उलटण्याआधी पितांबरकडे एकदा पाहिलं.

जुलै महिना होता, सन शहाण्णव, आणि पावसाने जळगावला अजून नुसतं हुंगून सोडलं होतं. दुपारी स्कूटरवरून पिंप्राळ्याला घरी जाताना पितांबर रेल्वे फाटकापाशी अडकला. मालगाडीचे डबे एकामागून एक जात राहिले. स्कूटरच्या हुकाला अडकवलेल्या पिशवीत हनीफचे चाळीस कागद होते, चार दिवसांपूर्वी मुंबईहून आलेले, आणि वर टाचणीने लावलेली चिठ्ठी : ‘छापायला पाठवायचं आहे. तुझं बठ्ठं बरोबर शे आल्याशिवाय पाठवत नाही, माहीत आहेच.’ ज्याचे कागद पिशवीत आहेत त्याला आपण थोडंफार ओळखतो. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. फाटक उघडलेलं पितांबरला उशिरा दिसलं.

बठ्ठं बरोबर शे, म्हणजे सगळं बरोबर आहे. पुण्याला एमएस्सीच्या वसतिगृहात दोघं एका खोलीत होते. पितांबर चोपड्याजवळच्या खेड्यातला, हनीफ धुळ्याचा. दोघंही वर्गात शुद्ध बोलायला घाबरत आणि खोलीत आले की अहिराणीत सुटत. हनीफ गणितं भराभर सोडवायचा, अर्ध्या पायऱ्या गाळायचा, आणि कागद पितांबरच्या उशीवर टाकून अंघोळीला जायचा. पितांबर ओळ न् ओळ पाहायचा. एखादं उणे चिन्ह सुटलेलं असायचं, कुठे दोनाने भागायचं राहिलेलं असायचं. ते लाल शाईने लावून तो खाली लिहायचा, ‘बठ्ठं बरोबर शे’, आणि मगच हनीफ तो कागद सरांना द्यायचा. परीक्षेत पितांबर पहिला आला, हनीफ दुसरा. निकालाच्या पाटीसमोर हनीफने त्याला कमरेला धरून उचललं होतं. त्या उचलण्यात तेव्हा निखळ आनंदाशिवाय दुसरं काही नव्हतं, याची पितांबरला अजूनही खात्री होती, आणि अलीकडे तीच गोष्ट त्याला सोसवत नसे. हनीफला कधीच कोणाचं काही टोचलं नाही. हे कसं असतं माणसाचं?

मुंबईच्या संस्थेत मुलाखतीला दोघं बरोबर गेले होते. लांब टेबल, पलीकडे तिघं. त्यातल्या पांढऱ्या भुवयांच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारलं होतं, इलेक्ट्रॉनवरचा भार दुप्पट असता तर अणूचं काय झालं असतं? पितांबरने सांगितलं, पुस्तकात होतं तेवढं सगळं, फळ्यावर, सुवाच्य अक्षरात. गृहस्थ मान हलवत राहिले आणि म्हणाले, “छान. आणि त्यानंतर?” त्यानंतर काही नव्हतं. पितांबरच्या डोक्यात त्या क्षणी पुस्तकाचं शेवटचं पान संपलं आणि पुढे पांढरं होतं. हनीफलाही तोच प्रश्न विचारला गेला. बाहेर आल्यावर तो हसत सांगत होता, “मी सांगितलं, माले माहीत नाही, पण बघूत ना! आणि मग आम्ही चौघं अर्धा तास बघत बसलो.” निवड दोघांचीही झाली. पत्रं एकाच टपालाने आली. आणि त्याच आठवड्यात गावी वडिलांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला. पितांबर गावी गेला तो गेलाच. लोकांना गेली अठरा वर्षं तो हेच सांगत आला होता, आबांमुळे राहून गेलं. लोक हळहळत. पण आबा दिवाळीपर्यंत काठी टेकत केळीच्या बागेपर्यंत जायला लागले होते. एका सकाळी बांधावर बसून ते म्हणाले होते, “मी बरा शे आते. तू जाय.” पितांबरने खाली पाहिलं होतं आणि पायाने ढेकूळ फोडलं होतं. आबा त्याविषयी परत कधी बोलले नाहीत. पुढे अकरा वर्षं जगले, पण आल्यागेल्यासमोर पोराने तेच कारण सांगितलं तेव्हाही त्यांनी त्याला उघडं पाडलं नाही.

घरी प्रमिलाने ताट वाढलं. ती बालवाडीत शिकवायची आणि नवऱ्याचं तोंड तिला मुलांच्या तोंडाइतकंच पटकन वाचता यायचं. “पेपरात हनीफभाऊंचा फोटो आला म्हणे,” ती म्हणाली. “शेजारच्या तानुबाईंनी दाखवला. मी सांगितलं त्यांना, आमच्याकडे येतात ते.” पितांबर म्हणाला, “कशाला सांगत फिरतेस?”  तिने आणखी एक पोळी वाढली.

जेवण झाल्यावर त्याने कागद काढले. बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली, तांदूळ निवडायच्या पाटावर ठेवून तो वाचत गेला आणि वाचताना त्याला दोन गोष्टी एकदम होत राहिल्या : बुद्धी पुढे पळायची आणि मन मागे मागे सरायचं. काम देखणं होतं. प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन हे सगळे कण आतून क्वार्कचे बनलेले. त्या क्वार्कना बांधून ठेवणारं बल इतकं प्रबळ की कागदावर त्याचं गणित सुटत नाही. म्हणून अवकाश आणि काळ यांची एक जाळी कल्पायची, माशाच्या जाळ्यासारखी गाठीगाठींची, गाठींवर क्वार्क बसवायचे, गाठींमधल्या दोऱ्यांवर बल, आणि कॉम्प्युटरच्या मशीनला दिवसच्या दिवस चालवून पाहायचं की आतून कणाचं वस्तुमान काय निघतं. क्वार्कचं स्वतःचं वस्तुमान किती घालायचं हे मात्र कोणालाच माहीत नसतं. एक आकडा घालायचा, काय निघतं ते प्रयोगातल्या आकड्याशी ताडायचं, आकडा किंचित हलवायचा, पुन्हा चालवायचं. रेडिओवर स्टेशन लावतात तसं. एवढ्यापर्यंत बरेच लोक पोहोचले होते. हनीफने त्याच जाळीत विजेचं बलही सोडलं होतं. आणि वीज आत येताच लागलेली सगळी स्टेशनं सरकली, कारण एका क्वार्कवर भार जास्त, दुसऱ्यावर कमी, तेव्हा प्रत्येकाचं वस्तुमान वेगवेगळं ढळतं. ते सगळं नव्याने जुळवायचं. पुन्हा खरी वीज इतकी दुबळी की तिचा परिणाम मशीनच्या खरखरीत ऐकूच येत नाही; म्हणून भार मुद्दाम वाढवून मोजायचं आणि मग पावलापावलाने खऱ्या भारापर्यंत खाली उतरायचं. हे सगळं कशासाठी? न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा हजारात एकाने जड का, हे कळावं म्हणून. उलटं असतं तर हायड्रोजन टिकला नसता, पाणी नसतं, पितांबर नसता, हनीफही नसता. त्या शेवटच्या दोन शब्दांनी पितांबरला क्षणभर बरं वाटलं आणि आपल्याला कशाने बरं वाटलं हे लक्षात येऊन तो पाटासमोरून उठला.

तो चूक शोधत होता. पूर्वीही तो चुकाच शोधायचा, पण पूर्वी त्या हनीफसाठी शोधायचा. आता प्रत्येक पान तो आशेने उलटत होता आणि पानावर काही सापडलं नाही की त्याला हनीफचा नव्याने राग येत होता. भाषा सोपी होती, मोकळी होती. ‘येथे आम्हाला नक्की माहीत नाही,’ असं तो तीन ठिकाणी बिनदिक्कत लिहून मोकळा झाला होता. माहीत नाही म्हणण्याची ही चैन त्याला कोणी दिली? आपण सोळा वर्षं वर्गात एकदाही तसं म्हणालो नाही.

दहा-बारा दिवसांनी तो तिसऱ्या वर्षाला मिठाचा स्फटिक शिकवत होता. दरवर्षीचा धडा. स्फटिकातल्या एका कणाला शेजारचे विरुद्ध भाराचे कण ओढतात, त्यापलीकडचे सारख्या भाराचे ढकलतात, त्यापलीकडचे पुन्हा ओढतात. ही बेरीज दूरवर जाते आणि लवकर संपत नाही, म्हणून तिचे दोन तुकडे करून ती कशी करायची, हे तो डोळे मिटून फळ्यावर लिहू शकला असता. एदलाबादहून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, “सर, पण सगळे कण सारख्याच भाराचे असते तर?” वर्ग हसला. पितांबर म्हणाला, “मग बेरीज अनंत होईल. असा स्फटिक नसतो.” आणि त्याचा खडू थांबला. असा स्फटिक असतो. त्याच्या घरी पाटावर होता. हनीफची जाळी म्हणजे एक लहानशी बंद पेटी, आणि पेटीला टोक राहू नये म्हणून तिच्या भिंती एकमेकींना जोडलेल्या. एकीतून बाहेर पडलं की समोरचीतून आत. सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांत बसल्यासारखं. प्रबळ बलाचा हात आखूड, त्याला आरशातली माणसं दिसत नाहीत. विजेचा हात लांब. पेटीतला भारित कण चारी दिशांना स्वतःच्याच प्रतिमा पाहणार, सगळ्या सारख्या भाराच्या. हनीफने त्या बेरजेतला अनंत भाग नियमाप्रमाणे काढून टाकला होता. काढून टाकल्यावर जे उरतं ते त्याने शून्य धरलं होतं. ‘पेटी पुरेशी मोठी आहे’, पान तेरा, एक वाक्य. पितांबरने वर्गाकडे पाठ केली ती मिनिटभर तशीच राहिली. घंटा झाली तेव्हा तो त्या मुलीला शाबास म्हणायला विसरला.

पुढचे नऊ दिवस तो आनंदात होता. असा आनंद त्याला कधी आठवत नव्हता, लग्नातही नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही, आणि तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता. कॉलेज सुटलं की तो प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसायचा, पुढ्यात फूलस्केप वही आणि वर्गात वापरायचा कॅल्क्युलेटर. मिठाच्या स्फटिकाची जुनी युक्ती त्याने सारख्या भाराच्या स्फटिकाला लावली, बेरजेचे दोन तुकडे केले, एकेक थर मोजत बाहेर गेला. भिकन दार लावायला यायचा आणि परत जायचा. नऊ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता आकडा स्थिरावला, दोन दशांश आठ तीन सात. शून्य नव्हे. हनीफच्या पेटीच्या मापाने भागलं तेव्हा वस्तुमानात एक एककाची चूक निघाली, आणि भारित आणि बिनभाराच्या पायॉनमधल्या ज्या फरकावर जुळवणी केली होती तोच मुळी साडेचार एककांचा. साडेचारातला एक. म्हणजे ज्या भारित कणावर सगळी जुळवणी बेतली होती तोच ढळलेला, म्हणजे क्वार्कचे आकडे ढळलेले, म्हणजे चाळीस पानं ढळलेली. त्याने वर तारीख घातली आणि खाली दोन रेघा ओढल्या. पांढऱ्या भुवयांचा तो गृहस्थ त्याला आठवला. आणि त्यानंतर? त्यानंतर हे.

हनीफला कळवायचं तर आजच, असं वहीची पानं मिटताना त्याच्या मनात होतं. रात्रीपुरतं राहू दे, उद्या. उद्या आला. मग त्याला वाटलं, नीट प्रत करू. मग वाटलं, कळवल्यावर काय होईल? हनीफ म्हणेल, वा रे! तो तेरावं पान नव्याने लिहील, मशीन पुन्हा चालवील, आणि पेपरात फोटो त्याचाच येईल. शेवटच्या पानावर आभारात नाव येईल, आजवर दोनदा आलं होतं तसं, टंकलेखकाच्या नावाच्या वर. माझी ही एकच वस्तू आहे आणि तीही मी त्याच्याच घरात नेऊन ठेवायची? असं त्याने मनाशी म्हटलं तेव्हा त्याला स्वतःची कीवही आली आणि थोडा जोरही आला. राहू दे. थोडे दिवस माझ्याजवळ राहू दे. मोलकरणीने सापडलेला दागिना पदराच्या गाठीत ठेवावा तशी त्याने वही घरच्या कपाटात ठेवली, आणि दिवसातून एकदोनदा कपाट उघडून पाहायचा.

अठरा तारखेला कॉलेजच्या ऑफिसात हनीफचा फोन आला. “कसा शेस रे? बघितलंस का?” मागे हेडक्लार्क बसलेला होता, तरी हनीफचा आवाज खोलीभर पसरला, तोच पुण्याचा, अंघोळीहून आलेला, ओला. पितांबर म्हणाला, “बघतोय. होत आलं.” “घाई नाही. तुले वेळ शे तवढा घे. तुझं आलं की पाठवतो.” फोन ठेवताना पितांबरला वाटलं, त्याने जर एकदा जरी विचारलं असतं, तेराव्या पानाबद्दल काय वाटतं, तर मी सांगितलं असतं. तो त्या वाक्याला धरून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने आंतरदेशीय पत्र लिहिलं. ‘पान सातवर उणे चिन्ह सुटलं आहे. पान बावीसवर दोनाने भागायचं राहिलं आहे. बाकी बठ्ठं बरोबर शे.’ ती दोन चिन्हं त्याने लिहिली नसती तर एक वेळ चाललं असतं. पण हनीफला खरं वाटावं म्हणून ती लिहिली, आणि पत्र डिंकाने चिकटवून टपालात टाकलं.

लेख डिसेंबरात छापून आला. प्रत आली, वर हनीफची सही. पितांबरने ती वाचली नाही. सरळ तेरावं पान काढायला गेला, ते छपाईत सहावं झालं होतं. वाक्य जागेवर होतं. आता जगातल्या शेदीडशे हुशार लोकांनी ते वाचलं असेल आणि त्यांपैकी एकालाही माहीत नाही ते जळगावातल्या एका माणसाला माहीत आहे, हा विचार त्याला फाटकापाशी थांबल्यावर, भाजी घेताना, पेपर तपासताना यायचा. सुरुवातीला तो गूळ चघळल्यासारखा गोड होता. पण जानेवारी संपेपर्यंत त्यातली गोडी उतरली. माहीत आहे हे कोणालाच माहीत नाही. ज्याला सांगावं असा एकच माणूस होता.

तो माणूस फेब्रुवारीत दारात उभा राहिला. भाचीच्या लग्नासाठी हनीफ धुळ्याला आला होता, सकाळच्या एसटीने जळगावला आला आणि रिक्षातून उतरतानाच ओरडला, “वहिनी, भरीत शे का?” प्रमिलाने वांगी भाजायला ठेवलेलीच होती. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. हनीफ मांडी घालून जेवला, त्याने लग्नाच्या गमती सांगितल्या, अम्मीला कमी दिसायला लागलंय ते सांगितलं. केस कानांवर पांढरे झाले होते. हात धुऊन झाल्यावर तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, “अरे, आपलं नाक कापलं गेलं, तुला कळवायचंच राहिलं.”

पितांबर सुपारी कातरत होता. “कसलं नाक?”

“त्या लेखात चूक निघाली. मोठी. माझ्याकडे एक मुलगी आलीय पाच-सहा महिन्यांपूर्वी, यशोदा वळवी. तळोद्याच्या पलीकडच्या पाड्यावरची, बाप रोजंदारीवर. आश्रमशाळेत शिकली. चोवीस वर्षांची आहे. तिने जानेवारीत तीच जुळवणी मोठ्या पेटीत करून पाहिली, मी सांगितलं नसताना. उत्तर सरकलं. मग बसली आणि शोधून काढलं. कण आपल्याच प्रतिमा बघतोय रे पेटीत! मी ते उरलेलं शून्य धरलं होतं.” तो हसला, पण हसणं पूर्ण झालं नाही. “दुरुस्ती पाठवली छापायला. तिच्या नावाने.”

अडकित्ता पितांबरच्या हातात उघडाच राहिला. वळवी, पाडा, आश्रमशाळा, रोजंदारीवरचा बाप. हे शब्द एकेक करून त्याच्या आबांवर येऊन आदळले, बांधावर बसलेल्या, काठी टेकलेल्या. तिला कोणी अडवलं नाही असं थोडंच आहे. ती गेली. आणि तिने माझी वस्तू उचलली. तिला ठाऊकही नाही की ती कोणाची होती.

“माले वाटनं, पितांबरनी नजरमधून गेलं म्हणजे झालं,” हनीफ म्हणाला. मग त्याने पितांबरच्या गुडघ्यावर हात ठेवला. “जाऊ दे. मनाला लावून घेऊ नको. तेच तेच शिकवून माणसाची नजर थोडी बोथट होणारच. माझी झालीच ना?”

तो हात मऊ होता. त्यात दया होती, खरी, बिनखोट, आणि पितांबरला ती चटका बसल्यासारखी लागली. लबाड म्हणून घेणं त्याला एक वेळ जमलं असतं; बोथट म्हणून घेणं जमेना. तो उठला. कपाट उघडलं, वही काढली, आणि हनीफच्या मांडीवर ठेवली. “वाच,” तो म्हणाला.

हनीफने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, दुसऱ्यावरून परत पहिल्यावर गेला. प्रमिला दारात ताकाचे पेले घेऊन आली ती तिथेच उभी राहिली. हनीफचं बोट ओळींखालून सरकत होतं, पूर्वी पितांबरचं सरकायचं तसं, आणि ओठ किंचित हलत होते. “ही बेरीज हाताने केलीस?” “कॅल्क्युलेटरवर.” “मिठाच्या स्फटिकावरून?” “हो.” “काय सुंदर केलंयस रे,” हनीफ हळूच म्हणाला. “यशोदाला तीन पानं लागली. मशीनही लागलं. तुझं दीड पान आहे.”

पितांबरच्या छातीत काहीतरी उमलून आलं. अठरा वर्षं हे ऐकायचं राहिलं होतं. “तिच्या आधी केलंय मी,” तो म्हणाला, घाईने, लहान मुलासारखं. “पाच महिने आधी. वर तारीख बघ.”

हनीफने पान उलटून वर पाहिलं. “नऊ ऑगस्ट,” त्याने वाचलं. आणि तो तसाच पाहत राहिला. पितांबरला तेव्हा समजलं आपण काय दाखवलं ते. पंखा फिरत होता. हनीफला सगळी पत्रं तारीखवार लावून ठेवायची सवय होती. एकोणीस ऑगस्टचं पत्र त्याला वेगळं आठवावं लागलं नाही. त्याने वही मिटली, मांडीवरून उचलून पाटावर ठेवली, आणि प्रमिलाच्या हातातून ताक घेतलं. “ताक छान झालंय वहिनी,” तो म्हणाला. त्याने ते पूर्ण प्यायलं.

स्टँडपर्यंत दोघं स्कूटरने गेले. धुळ्याची गाडी लागायला वेळ होता. फलाटावर एका बाजूला केळीचे घड उतरवून ठेवलेले होते आणि त्यांच्याशेजारी बाकावर दोघं बसले. पितांबर म्हणाला, “हनीफ, मी—” आणि पुढे पांढरं होतं.

“मी दर वेळी तुला का पाठवायचो, माहीत आहे?” हनीफ म्हणाला. तो आता अहिराणीत बोलत नव्हता. वर्गात बोलावं तसं, एकेक शब्द सुटा. “उणे चिन्हं शोधायला माझ्याकडे माणसं आहेत. मला वाटायचं, कधीतरी पितांबरला काहीतरी सापडेल. माझं चुकलेलं, मोठं. मग त्याला म्हणता येईल, चल, हे दोघांच्या नावाने छापू. अठरा वर्षं मी वाट बघितली. आणि तुला सापडलं.” गाडी लागली. तो उठला, पिशवी खांद्याला लावली. “तू एक फोन केला असतास.”

पितांबर त्याच्याबरोबर पायरीपर्यंत गेला. “आता पाठवणार नाहीस ना?”

हनीफने वळून पाहिलं. “पाठवीन. तू चांगलं बघतोस. पण एक प्रत यशोदाकडेही जाईल. तुझ्या एकट्याच्या होकारावर मी आता काही छापणार नाही.” हे तो रागाने म्हणाला नाही. कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळताना पितांबरने हात वर केला. खिडकीतले कान दिसले, चेहरा पलीकडे वळलेला होता. घरी आल्यावर प्रमिलाने विचारलं, “सांगितलं नव्हतं तुम्ही त्यांना?” तो म्हणाला, “नाही.” तिने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि उष्टी ताटं उचलली. पुढे चारपाच दिवस हनीफभाऊ हे नाव तिने घरात काढलं नाही, आणि त्यावरून तिला किती कळलं ते त्याला कळलं.

एप्रिलच्या मध्याला नवे कागद आले. चिठ्ठीत एकच ओळ : ‘दोघांना आजच पाठवले.’ जळगाव तापलेलं होतं, कॉलेजला परीक्षा होत्या. पितांबरने पर्यवेक्षण बदलून घेतलं, खिडक्यांना ओले पडदे लावले आणि पहिल्या पानापासून बसला. तो कोणाशी धावतो आहे हे त्याला माहीत होतं. कधीही न पाहिलेली ती मुलगी समोर बसून पानं उलटते आहे असं त्याला दिवसभर वाटायचं. ती कुठे पोहोचली असेल, चौदावर, सोळावर? तिच्याकडे मशीन आहे. तिच्याकडे वेळ आहे. ती चोवीसची आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, एकोणिसाव्या पानावर, खऱ्या भारापर्यंत खाली उतरताना एक पद हनीफने दोनदा धरलेलं त्याला दिसलं. त्याने ते तपासलं, पुन्हा तपासलं, आणि चपला घालून तसाच भर उन्हात नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरला. बूथवाल्या इसाकभाईंनी पंखा त्याच्याकडे वळवला. मुंबईचा नंबर एंगेज लागत होता. पाच वेळा लावला. कोणाशी बोलतोय हा? तिच्याशीच. तिला सापडलं. सहाव्यांदा घंटी गेली.

“हनीफ, एकोणिसावं पान,” तो नाव न सांगता म्हणाला. “दुसऱ्या ओळीतलं पद तू दोनदा धरलंयस. उत्तर दहा टक्क्यांनी उतरेल.” पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.  मग हनीफ म्हणाला, “बरोबर.” आणि थोड्या वेळाने, “यशोदा अजून बाराव्यावर आहे.”

काचेच्या त्या तापलेल्या डब्यात पितांबरला इतका आनंद झाला की त्याने डोळे मिटून घेतले. खोटा नव्हता आनंद, आणि चांगलाही नव्हता. “तिला सांगू नको,” तो म्हणाला. “तिचं तिला सापडू दे.”

“परत लपवायचं म्हणतोस?”

घाम मानेवरून पाठीत उतरत होता. बाहेर इसाकभाई कोणाला तरी हातवारे करून थांबायला सांगत होते. तिचं तिला सापडू दे, हे आपण तिच्या भल्यासाठी म्हणालो की ती मागून एकोणिसाव्या पानावर येईल आणि तिथे आपण आधीच उभे असू म्हणून, हे पितांबरने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. त्याला खात्रीचं उत्तर मिळालं नाही.

“माहीत नाही,” तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून नीट येत नव्हता. तो त्याने परत म्हटला. “माले माहीत नाही, हनीफ. सांग तिला. आत्ताच सांग. पण मी शोधलं म्हणून सांग.”

पलीकडून हनीफ एकदम हसला. “थांब,” तो म्हणाला, “ती इथेच बसलीय. तूच सांग,” आणि पितांबरने काही म्हणायच्या आत फोन दुसऱ्या हातात गेला.